शेळीची चौकशी

शनिवारी दुपारी सिस्टर ओडिलिया फळ्यावर
इंग्रजीतली पाच वाक्यं लिहायच्या, खाली अर्थ:
मी बरी आहे. पाऊस वेळेवर झाला.
मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते.
चौथ्या वाक्यात जागा रिकामी.
आमच्याकडे ______ आहे.
आणि शेवटी, आपली नम्र.

शिवलीलेने विहीर लिहिली. विहीर होती.
दुंडाप्पाने चिंच. तीही होती, अजून आहे,
खानापूरच्या त्या वसतिगृहाच्या फाटकाला टेकून.
मी नऊ वर्षांची, पंधरा दिवसांपूर्वी निपाणीहून आणलेली,
उशीखाली आईच्या लुगड्याचा तुकडा, त्याला तंबाखूचा वास.
मी लिहिलं: शेळी.

सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं.
"कुठाय गं तुझी शेळी?"
मी खिडकीतून मलप्रभेच्या दिशेला बोट केलं.
त्यांनी स्पेलिंग तेवढं नीट करून दिलं.

जिथं दुपारी तीनलाच अंधार पडतो
अशा कुठल्याशा गावातून आल्माबाईंचं कार्ड आलं.
बर्फ, एक लाल घर, आणि आत वाकडं अक्षर:
तुझ्या शेळीचं नाव काय?

आता नाव ठेवणं आलं.
चांदव्वा म्हटलं. कपाळावर पांढरा ठिपका आहे म्हटलं.
पुढच्या नाताळात ती गाभण राहिली,
त्याच्या पुढच्याला दोन पिल्लं. एक लंगडं,
कारण सगळंच चांगलं लिहिलं तर कुणाला पटणार?

दर मार्चमध्ये फोटो निघायचा,
छातीशी पाटी, पाटीवर दोनशे चौदा.
फोटोवाला कॅम्पातून यायचा. "स्वल्प नगू, तंगी," म्हणायचा,
थोडं हस, बाळ. आणि मी खरंच हसायचे,
चांदव्वा त्याच्या मागं उभी राहून
त्याच्या पिशवीचा पट्टा चघळते आहे असं मानून.

सातवीत असताना पन्नास जादा डॉलर आले,
शेळीच्या चाऱ्यासाठी, असं स्वच्छ लिहिलेलं.
सिस्टर रात्रभर चॅपेलमध्ये बसल्या होत्या म्हणे.
सकाळी अभ्यासाच्या खोलीत दोन ट्यूबलाइट लागल्या.
मी दहावी पास झाले ती त्या चाऱ्यावर.

अठरा पूर्ण झाले. फाइल बंद.
नियम होता, कुणाचा राग नव्हता.
दुंडाप्पा उद्यमबागच्या फाउंड्रीत लागला,
शिवलीलेचं लग्न गोकाकला झालं, कळवलं नाही तिनं.
मी बेळगावात नर्स झाले, रात्रपाळीची.
माणसं पहाटे चारला काय काय विचारतात,
आणि त्यांना काय सांगायचं असतं, मला लवकर जमलं.

परवा सिस्टरांचा फोन आला. ऐकू कमी येतं आता,
म्हणून स्वतःच ओरडतात: "तुझं पत्र आलंय, ये."
आल्माबाईंच्या मुलीनं लिहिलेलं.
आई फेब्रुवारीत गेली. कपाटात तुझी नऊ पत्रं,
एका रिबिनीत. शेवटी शेवटी
ती माणसं विसरली होती. मलाही.
शेळीबद्दल मात्र विचारायची.
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो विचारतो,
चांदव्वा अजून आहे का?

सिस्टरांनी निळा कागद पुढं सरकवला.
फळ्याकडे मी उगाच बघितलं. कोरा होता.
"आता काय लिहू?"
"मला काय विचारतेस? शेळी तुझी."
मग बऱ्याच वेळानं, खिडकीकडे बघत,
"मी दरवर्षी कबुलीत सांगत होते. ट्यूबलाइटचं.
फादर म्हणायचे, उजेड पडतो ना? मग पुढचं पाप सांगा."

कागद तसाच पर्समध्ये घालून निघाले.
रविवार होता. बाजाराच्या कडेला एक धनगर,
घोंगडीवर बसून भडंग खात,
भोवती सात-आठ शेळ्या, एकीच्या कपाळावर,
नाही, नव्हता. ठिपका कुणालाच नव्हता.

"मामा, शेळी किती वर्षं जगते?"
त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं,
पांढरा युनिफॉर्म, हातात कागद नाही, दोरी नाही.
"कापलं नाही तर व्हय?"
आणि हाताला लागलेले शेंगदाणे झटकत म्हणाला,
"तसं कुणी बघितलंय, बाई.
जगत असंल की पंधरा-सोळा."

बोटांवर मोजलं.
बसस्टँडच्या बाकावर बसून
पेनाचं टोपण दातांनी काढलं.